बारापैकी दहा जण ‘दोषी’ म्हणत असतील, तर तेवढे पुरेसे का नाही?

रुजुवात (प्रश्न)

नमस्कार. मी कायद्याचा अभ्यासक नाही, परंतु गेले काही आठवडे अमेरिकेतील फौजदारी खटल्यांविषयी वाचत आहे आणि एव्हान्जेलिस्टो रामोस याच्या खटल्यापाशी येऊन अडलो आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये २०१६ साली बारा सामान्य नागरिकांच्या ज्युरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले. दहा जण दोषी म्हणत होते, दोघांना ते मान्य नव्हते. लुइझियाना राज्याच्या तेव्हाच्या नियमानुसार दहा मते पुरेशी असल्याने त्याला पॅरोलची सोय नसलेली जन्मठेप झाली. पुढे २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कौल रद्द केला आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवण्यासाठी ज्युरीचे एकमत लागतेच, असा निर्णय दिला. नऊ न्यायाधीशांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की बहुमत पुरेसे नाही, हे वाचून मला आधी हसू आले. पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

माझी अडचण अशी आहे. कायदे बहुमताने होतात, सरकारे बहुमताने बनतात आणि पडतात, अपिलाचे निर्णयही बहुमताने होतात. मग बारा अनोळखी माणसे एका खोलीत बसवल्यावरच एकमताचा आग्रह का? एखादा हटवादी, पूर्वग्रहाने भरलेला किंवा कुणीतरी फितवलेला सदस्य बाकीच्या अकरा जणांचे काम निष्फळ ठरवू शकतो, हे न्यायाला धरून आहे का? आणि ‘वाजवी शंकेपलीकडे सिद्ध’ या कसोटीतूनच एकमताचा नियम आपोआप निघतो, असे जे म्हटले जाते, ते तर्काने खरोखर टिकते का? कारण दोघांना शंका वाटली याचा अर्थ दहा जणांची खात्री खोटी होती, असा होत नाही.

जुनी_वही

आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडले आहे, ते आधी बाहेर काढतो. ज्युरीच्या मतांकडे आपण मतपेटीतल्या मतांसारखे पाहत आहात. निवडणुकीत मतदाराला काय हवे ते विचारलेले असते, आणि सगळ्यांना एकच गोष्ट हवी असणे शक्य नसल्यामुळे शेवटी मोजणी करावी लागते. ज्युरीला काय हवे आहे, हे कोणी विचारत नाही. सरकार पक्षाने आरोप शाबीत केला का, एवढाच प्रश्न असतो, आणि शाबितीचा सगळा भार एकाच बाजूवर टाकलेला असतो. भार असा एकतर्फी ठेवल्यावर मोजणीचा नियम मात्र दोन्ही बाजूंना समान असावा, ही अपेक्षा मला पटत नाही.

आता इतिहास. तो या नियमाच्या बाजूने आहे, पण भाबडेपणाने सांगितला जातो तितका उजळ नाही. इंग्लंडमध्ये एकमताचा नियम चौदाव्या शतकात स्थिरावला. १३६७ च्या एका खटल्यात अकरा जणांचा कौल न्यायालयाने स्वीकारला नाही, ही नोंद त्यासाठी नेहमी दाखवली जाते. मात्र ते एकमत घडवले कसे जाई? कौल ठरेपर्यंत ज्युरीला अन्न, पाणी आणि शेकोटी मिळत नसे. अठराव्या शतकात इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनने लिहून ठेवले आहे की, न्यायाधीशांची त्या गावाहून निघायची वेळ झाली तरी एकमत होत नसेल, तर ज्युरीला गाडीत घालून गावोगाव बरोबर नेता येते. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्या खटल्यात ज्युरीने न्यायालयाला हवा तो ‘दोषी’चा कौल द्यायला नकार दिला, तेव्हा तिला कोंडून उपाशी ठेवले गेले आणि नंतर दंडही झाला. दंड न भरता तुरुंगात गेलेल्या एडवर्ड बुशेल या ज्युरी-सदस्याच्या अर्जावर सरन्यायाधीश व्हॉन यांनी निर्णय दिला की, कौल पसंत पडला नाही म्हणून ज्युरीला शिक्षा करता येत नाही. माझ्या मते एकमताला नैतिक वजन आले ते या निर्णयानंतर. त्याआधीचे एकमत बरेचसे पोटातल्या भुकेने झालेले असे.

अमेरिकेच्या सहाव्या घटनादुरुस्तीत ‘निःपक्षपाती ज्युरी’ एवढेच शब्द आहेत. एकमताचा उल्लेख नाही. जेम्स मॅडिसनच्या मूळ मसुद्यात तो होता आणि पुढे गळला. गळला म्हणजे नाकारला गेला, की तो गृहीतच असल्याने लिहिण्याची गरज उरली नाही, या एका मुद्द्यावर वाद झाला. १९७२ साली ‘अपोडाका विरुद्ध ओरेगॉन’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाची जी विभागणी झाली ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. चार न्यायाधीश म्हणाले, एकमत घटनेने आवश्यक नाही, ना संघराज्याच्या न्यायालयांत, ना राज्यांच्या. चार म्हणाले, दोन्हीकडे आवश्यक आहे. नववे न्यायाधीश लुइस पॉवेल म्हणाले, संघराज्याच्या न्यायालयांत आवश्यक आहे, राज्यांच्या न्यायालयांत नाही. दोन्हीकडे एकच नियम असावा हे आठ न्यायाधीशांना मान्य होते, आणि तरीही ज्या एका न्यायाधीशाला ते अमान्य होते त्याचेच मत पुढची अठ्ठेचाळीस वर्षे कायदा म्हणून चालले. आपल्याला २०२० च्या सहा विरुद्ध तीनचे हसू आले, मला १९७२ च्या या हिशेबाचे येते.

त्या मुभेचा लाभ घेणारी राज्ये दोनच होती, लुइझियाना आणि ओरेगॉन, आणि दोघांचीही कारणे स्वच्छ नव्हती. लुइझियानाने हा नियम १८९८ च्या घटना-अधिवेशनात आणला. गोऱ्यांचे वर्चस्व प्रस्थापित करणे हा आपला हेतू असल्याचे त्या अधिवेशनाच्या एका समितीच्या अध्यक्षांनी उघडपणे सांगितले होते. कृष्णवर्णीयांना ज्युरीतून उघडपणे वगळणे सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्येच घटनाबाह्य ठरवलेले होते. म्हणून त्यांना ज्युरीत बसू द्यायचे, पण त्यांचे मत नसले तरी अडणार नाही असा नियम करायचा, ही युक्ती निघाली. तेव्हा नऊ विरुद्ध तीन पुरेसे होते. १९७० च्या दशकात नवी राज्यघटना झाली तेव्हा ते दहा विरुद्ध दोन केले गेले. ओरेगॉनमध्ये एका ज्यू आरोपीवरील खुनाच्या खटल्यात एकच सदस्य अडून बसल्याने कमी गंभीर गुन्ह्यावर तडजोड झाली. त्यावरून वृत्तपत्रांतून स्थलांतरितांविरुद्ध राळ उठली आणि १९३४ मध्ये जनमताने नियम बदलला गेला. न्यायमूर्ती नील गोर्सच यांच्या २०२० च्या निर्णयपत्रात दोन्ही राज्यांच्या या इतिहासाचा उल्लेख आहे. लुइझियानाच्या मतदारांनी मात्र त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, १ जानेवारी २०१९ पासूनच्या गुन्ह्यांसाठी एकमत बंधनकारक केले होते.

तेव्हा ‘एक माणूस अकरांना का अडवतो’ हा प्रश्न विचारताना तो एक माणूस प्रत्यक्षात कोण असे, हेही विचारावे लागते.

अर्धविराम

वर उल्लेखलेल्या निर्णयाचा पुढचा भाग सांगतो, कारण तो सहसा सांगायचा राहतो. रामोस निर्णय जुन्या, अपिले संपलेल्या खटल्यांना लागू होणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये ‘एडवर्ड्स विरुद्ध व्हॅनॉय’ प्रकरणात ठरवले. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी २०२० मध्ये पूर्वनिर्णय मोडू नये म्हणून विरोधी मत दिले होते. २०२१ मध्ये त्यांनी पुन्हा विरोधी मत दिले, पण या वेळी म्हणाल्या की नियम इतका मूलभूत असेल तर तो जुन्या कैद्यांनाही मिळाला पाहिजे. मला दोन्हीकडे त्यांचेच बरोबर वाटते. ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या अखेरीस आपल्या राज्यापुरता तो जुन्या खटल्यांना लागू केला; लुइझियानाच्या न्यायालयाने केला नाही. रामोसचा खटला पुन्हा चालला आणि २०२३ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले.

आणखी एक दुरुस्ती. एकमत झाले नाही म्हणजे आरोपी सुटला, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसे नाही. अमेरिकेत सर्वसाधारणपणे निर्दोष ठरवण्यासाठीही एकमतच लागते. ते दोन्हीकडे झाले नाही तर ज्युरी ‘हंग’ झाली असे म्हणतात, न्यायाधीश खटला अपूर्ण घोषित करतात आणि सरकार पक्ष तो नव्याने उभा करू शकतो. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवू नये हे तत्त्व तिथे आड येत नाही, हे १८२४ पासून ठरलेले आहे. तेव्हा अडून बसणारा सदस्य आरोपीला मोकळे सोडत नाही, तो कौल पुढे ढकलतो.

पायरीवरचा

मी अमेरिकेत राहतो आणि काही वर्षांपूर्वी एका फौजदारी खटल्यात बारा जणांपैकी एक म्हणून बसलो होतो. खटला संपल्यावर ज्युरीच्या सदस्याने बोलण्यास इथे बंदी नाही. कॅनडात असतो तर ज्युरीच्या खोलीतली चर्चा अशी उघड करणे गुन्हा ठरला असता. तरी गाव, नावे आणि ओळख पटेल असे तपशील देत नाही.

आरोप तीन होते. गोदामाचे कुलूप तोडून आत शिरणे, माल चोरणे, आणि पळताना रखवालदाराला शस्त्राचा धाक दाखवणे. पहिले दोन आरोप कॅमेऱ्याच्या चित्रणामुळे जवळजवळ वादातीत होते. खोलीत गेल्यावर आम्ही फोरमन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, निवडला. ते हिशेबनीस होते आणि स्वतःचा पिवळा कागदी पॅड घेऊन आले होते. त्या पॅडचे कागद फाडून त्यांनी चिठ्ठ्या केल्या. पहिल्या आरोपावर बारा, दुसऱ्यावर बारा. तिसऱ्यावर दहा दोषी, दोन नाही. मी त्या दहांत होतो, आणि खरे सांगायचे तर तिसऱ्या आरोपाचा मी वेगळा विचारच केला नव्हता. कुलूप तोडणारा, चोरी करणारा माणूस धाकही दाखवणारच, अशा ओघात हात पुढे गेला होता. हे सगळे व्हायला वीस मिनिटेही लागली नव्हती.

दहा विरुद्ध दोन चालत असते तर आम्ही तेव्हाच दार ठोठावून बेलिफला, म्हणजे कोर्टाच्या कर्मचाऱ्याला, बोलावले असते.

दोघांपैकी एक बाई शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या होत्या. त्या वाद घालत नव्हत्या. त्यांचे एकच म्हणणे होते: रखवालदाराने शस्त्र पाहिले असे नेमके कोणत्या शब्दांत सांगितले, ते मला पुन्हा ऐकायचे आहे. आमच्या टिपणवह्यांत पाहिले तर बारा जणांनी सात वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या. कुणी ‘चाकू’ लिहिले होते, कुणी ‘चमकणारी वस्तू’, आणि माझ्या वहीत त्या साक्षीपुढे फक्त ‘घाबरलेला वाटला’ असे होते. फोरमननी न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवली. तासाभराने आम्हाला कोर्टात परत बसवले गेले आणि लघुलेखिकेने ती साक्ष वाचून दाखवली. साक्ष देताना रखवालदाराचा आवाज कापला होता, तो आमच्या कानात होता. लघुलेखिकेच्या सपाट आवाजात फक्त शब्द उरले, आणि ते असे होते: हातात काहीतरी होते, ते चमकले, ते मोबाइलही असू शकेल का या वकिलांच्या प्रश्नावर, ‘असू शकेल.’ हे ‘असू शकेल’ मी त्या दिवशी कोर्टात बसून ऐकलेले होते आणि तरीही ऐकलेले नव्हते.

खोलीत परत आल्यावर मात्र चित्र लगेच पालटले नाही. चौघे जण म्हणाले, माणूस इतका घाबरतो म्हणजे शस्त्रच असणार. त्यावर बाईंनी विचारले की, तुम्ही त्याच्या भीतीवरून शस्त्र ठरवत आहात की शस्त्रावरून भीती? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही नऊ विरुद्ध तीन झालो, पण आता नऊ ‘नाही’ म्हणणारे होते. फोरमननी कोंडी झाल्याचे कळवले. न्यायाधीशांनी बोलावून एक सूचना वाचली, तिचा आशय असा की, एकमेकांचे म्हणणे मोकळ्या मनाने ऐका, पण केवळ कौल लागावा म्हणून कोणी आपले प्रामाणिक मत सोडू नये. संध्याकाळी तिसऱ्या आरोपावर बारा जणांनी ‘निर्दोष’ दिले. पहिल्या दोन आरोपांवर त्याला दोषी ठरवलेच होते.

यातून एकमताचे गुणगान करायचे असते तर मी इथेच थांबलो असतो. पण शेवटच्या तिघांपैकी एकाचे मत खरोखर बदलले की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. त्याचे मूल पाळणाघरात होते आणि साडेपाचनंतर तो दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. कौल वाचल्यावर प्रत्येकाला उभे करून ‘हा तुमचा कौल आहे का’ असे विचारले गेले, तेव्हा त्याने ‘हो’ म्हणायला इतरांपेक्षा अंमळ जास्त वेळ घेतला. आमच्या वेळी ते दडपण निर्दोष ठरवण्याच्या दिशेने होते. ते उलट दिशेनेही तितकेच सहज असू शकते.

तराजू

वरील अनुभव प्रांजळपणे लिहिला आहे, आणि त्यातला शेवटचा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाहेर जाहीर होणारे एकमत पुष्कळदा आतल्या थकव्याला दिलेले सभ्य नाव असते. लुइझियाना आणि ओरेगॉन यांचा इतिहास लाजिरवाणा आहे, हे मान्य. पण वाईट हेतूने आणलेला नियम प्रत्येक ठिकाणी वाईटच असतो, असे म्हणता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ च्या फौजदारी न्याय कायद्याने दहा विरुद्ध दोनचा कौल आला. गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांच्या कारकिर्दीत हा बदल झाला आणि त्यामागची मुख्य चिंता संघटित गुन्हेगारांकडून ज्युरीतल्या एखाद्याला धमकावले किंवा विकत घेतले जाण्याची होती. बारांपैकी एकालाच गाठायचे असेल तर काम सोपे असते, तिघांना गाठणे कठीण. रुजुवात यांनी फितवलेल्या सदस्याविषयी जो प्रश्न विचारला आहे, त्याला एकमताच्या समर्थकांकडून मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

शिवाय इंग्रजी पद्धतीत बहुमताचा दरवाजा लगेच उघडत नाही. आधी एकमताचाच प्रयत्न करायचा असतो. किमान दोन तास, प्रत्यक्षात दोन तास दहा मिनिटे, गेल्याशिवाय न्यायाधीश बहुमताची सूचना देऊ शकत नाहीत, आणि गुंतागुंतीच्या खटल्यात त्याहून पुष्कळ अधिक वेळ थांबतात. बहुमताने दोषी ठरवले तर किती जण बाजूने आणि किती विरोधात, हे फोरमनला भर कोर्टात सांगावे लागते. निर्दोष ठरवल्यास तो आकडा विचारला जात नाही, म्हणजे सुटलेल्या माणसावर ‘दोघांना तरी तो गुन्हेगार वाटला होता’ असा डाग राहत नाही. सदस्य गळत जाऊन नऊच उरले तर मात्र एकमतच लागते. ही व्यवस्था मला विचारपूर्वक बांधलेली वाटते. पायरीवरचा यांच्या खोलीतही दोन तासांच्या आत बहुमताचा कौल देता आला नसता, हे लक्षात घ्यावे. साक्ष तासाभरात वाचून दाखवली गेली होती.

स्कॉटलंडमध्ये तर पंधरा जणांची ज्युरी आणि साधे बहुमत, म्हणजे आठ विरुद्ध सातनेही दोषी, असे दीर्घकाळ चालले. ते मात्र मलाही फार सैल वाटते. तिथल्या संसदेने २०२५ मध्ये ‘नॉट प्रूव्हन’ (सिद्ध झाले नाही) हा दोषी-निर्दोष यांखेरीजचा तिसरा कौल रद्द करताना दोषी ठरवण्यासाठी दोन-तृतीयांश मतांची अट घातली. म्हणजे मर्यादा कुठे आखायची हा प्रश्न आहे. ती बारा विरुद्ध शून्यवरच आखली पाहिजे, असे कोणतेही तर्कशास्त्र सांगत नाही.

आणि पीडितांचे काय? ज्युरी अडली की साक्षीदारांना तेच सगळे दुसऱ्यांदा सांगावे लागते. अत्याचाराच्या खटल्यात त्याची किंमत किती असते, याचा विचार एकमताच्या चर्चेत क्वचितच होतो.

शून्यशेष

मी गणिताच्या बाजूने थोडे लिहितो, कारण रुजुवात यांचा तर्काविषयीचा प्रश्न तसाच राहिला आहे.

एकमताच्या नियमाने निरपराध माणसाला शिक्षा होण्याची शक्यता कमी होते, हे आपण गृहीत धरतो. टिमोथी फेडरसन आणि वोल्फगांग पेसेन्डॉर्फर या दोन अभ्यासकांनी १९९८ मध्ये दाखवले की, विशिष्ट गृहीतकांखाली नेमके उलटे होऊ शकते. त्यांची युक्ती अशी. समजा मी ज्युरीत आहे आणि माझ्या मनात थोडी शंका आहे. एकमताच्या नियमात माझे मत निर्णायक कधी ठरते? बाकीचे अकराही ‘दोषी’ म्हणत असतील तेव्हाच. मग मी विचार करतो की, ज्या परिस्थितीत माझ्या मताने काही फरक पडतो त्या परिस्थितीत इतर अकरा जणांना खात्री आहे, आणि अकरा जणांच्या खात्रीपुढे माझी शंका किती वजनाची? म्हणून मी ‘दोषी’ म्हणून टाकतो. पण प्रत्येक जण असाच विचार करू लागला तर बारा जणांची बारा खात्री प्रत्यक्षात एकाचीही नसते.

हे वाचल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग लक्षात आले की, या मांडणीत ज्युरीतली माणसे एकमेकांशी बोलतच नाहीत. गुप्त मत टाकून मोकळी होतात. पीटर कॉगलन यांनी २००० साली नेमके हेच बोट ठेवले: सदस्यांना चर्चा करता येते आणि कौल न लागण्याची शक्यता खुली असते, हे धरले की एकमताचा नियम पुन्हा सरस ठरू शकतो. पायरीवरचा यांच्या खोलीत चिठ्ठ्यांवरचे पहिले मत हे फेडरसन-पेसेन्डॉर्फर यांच्या जगातले होते. साक्ष पुन्हा ऐकल्यानंतरचे मत हे कॉगलन यांच्या जगातले.

म्हणून तर्काचे उत्तर असे देतो. दोघांच्या शंकेमुळे दहांची खात्री खोटी ठरत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे, आणि ‘वाजवी शंका’ या कसोटीतून एकमत गणिती काटेकोरपणे निघत नाही, हेही बरोबर आहे. एकमताने घडते ते वेगळे. दहा जणांना दोघांशी बोलणे भाग पडते. रीड हेस्टी आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये नकली ज्युरी बसवून, त्यांना एकाच खुनाच्या खटल्याचे चित्रण दाखवून, आठ, दहा आणि बारा मतांचे नियम ताडून पाहिले. जिथे बहुमत पुरेसे होते तिथे लागणारी मते जमली की चर्चा लवकर आटपत असे, आणि अल्पमतातल्यांचे बोलणे कमी होत असे. थोडक्यात, त्यांना बोलायला कोणी मनाई करत नाही. ऐकून घ्यायची गरज संपते.

एकटा हटवादी माणूस सगळे अडवतो, ही भीतीही थोडी फुगवलेली आहे. हॅरी काल्व्हेन आणि हान्स झायझेल यांच्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अडलेल्या ज्युरींचे प्रमाण ५.५ टक्के होते, आणि ज्युरी अडायला बहुधा पहिल्या मतदानातच चार-पाच जणांचे भरभक्कम अल्पमत असावे लागते, असे त्यांना आढळले. सुरुवातीपासून एकटा असलेला माणूस शेवटपर्यंत एकटा क्वचितच टिकतो. त्याला टिकून राहायला कोणीतरी सोबती लागतो.

तराजू

कॉगलन यांचा मुद्दा मान्य. पण मग चर्चा होते म्हणून एकमत चांगले, की एकमत लागते म्हणून चर्चा होते? दुसरे खरे असेल तर किमान वेळेची इंग्रजी अट तेच काम कमी किमतीत करते.

शून्यशेष

दोन तास दहा मिनिटे पूर्ण होण्याची वाट पाहत बसलेले दहा जण आणि कौल आपल्याशिवाय लागणारच नाही हे माहीत असलेले दोघे, ही खोली एकमताच्या खोलीसारखी नसते. पण आपला आक्षेप मी मोडून काढला असे म्हणत नाही.

रुजुवात

सर्वांचे आभार. माझे मत थोडे सरकले आहे, पण एक नवी शंका उभी राहिली. बारा जण ‘दोषी’ या शब्दावर एकमत असतील, पण कारणांवर नसतील तर? सहा जणांना वाटले की खून ठरवून केला, सहांना वाटले की दरोड्याच्या ओघात झाला. हे एकमत मानायचे का? आणि एकमताची ही सक्ती फक्त दोषी ठरवण्यापुरती आहे की शिक्षेलाही?

जुनी_वही

पहिली शंका नेमकी आहे, आणि तुम्ही दिलेले उदाहरण जवळजवळ जसेच्या तसे १९९१ मध्ये ‘शाड विरुद्ध ॲरिझोना’ या प्रकरणात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, पूर्वनियोजित खून आणि दुसरा गुन्हा करताना घडलेला खून हे एकाच गुन्ह्याचे दोन मार्ग असतील, तर कोणत्या मार्गाने तो घडला यावर एकमत लागत नाही. मात्र १९९९ च्या ‘रिचर्डसन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ प्रकरणात वेगळे ठरले: अमली पदार्थांच्या सातत्यपूर्ण व्यापाराचा आरोप गुन्ह्यांच्या मालिकेवर उभा असेल, तर मालिकेतले नेमके कोणते गुन्हे घडले यावर प्रत्येक सदस्याचे एकमत हवे. म्हणजे गुन्ह्याच्या घटकावर एकमत लागते, त्या घटकापर्यंत नेणाऱ्या वाटेवर लागत नाही. घटक कोणता आणि वाट कोणती, हे कायद्याच्या शब्दरचनेवरून ठरते. वकिलांची खरी झटापट तिथेच होते, आणि माझ्या मते ‘शाड’चा निर्णय एकमताला आतून पोकळ करतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर आणखी अस्वस्थ करणारे आहे. दोषी ठरवायला बारा मते लागतात, पण फाशीची शिफारस करायला सगळीकडे लागत नाहीत. अलाबामात दहा पुरतात. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत सतरा जणांना मारणाऱ्या आरोपीबाबत २०२२ मध्ये ज्युरी नऊ विरुद्ध तीन अशी विभागली गेली आणि त्याला जन्मठेप झाली. त्यानंतरच्या संतापात राज्याने २०२३ मध्ये कायदा बदलला आणि आता तिथे आठ मते पुरेशी आहेत. म्हणजे फ्लोरिडात एखाद्याने चोरी केली हे ठरवताना एका सदस्याची शंका अडसर ठरते, आणि त्याला ठार मारावे हे ठरवताना चौघांची ठरत नाही.

अर्धविराम

त्यात भर म्हणून ओरेगॉनचे उदाहरण नोंदवतो. तिथे दोषी ठरवायला आता बारा मते लागतात, पण निर्दोष ठरवायला दहा पुरतात. रामोस निर्णयाने ते बदललेले नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. तराजू यांना बहुमताविषयी जी ओढ आहे आणि जुनी_वही यांनी एकतर्फी भाराविषयी जे लिहिले आहे, ती दोन्ही या एका नियमात शेजारी बसलेली दिसतील.